जबडा दुखतोय, अडकतोय, आखडतोय: मानसिक आजाराची औषधं चालू असलेल्या माणसासाठी कोणत्या क्रमाने काय करायचं

मी नाशिकरोडला दंतवैद्य म्हणून काम करते. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा तीव्र नैराश्याचे उपचार चालू असलेली माणसं जबड्याची तक्रार घेऊन माझ्याकडे येतात, तोवर घरात सहसा तीन गोष्टी होऊन गेलेल्या असतात. एक दाढ काढलेली असते आणि जबडा तसाच ठणकत असतो. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी महिनाभर चालू असते. आणि ‘ह्या डोक्याच्या गोळ्यांनीच झालंय सगळं’ म्हणून मानसोपचाराची गोळी घरच्यांनी परस्पर बंद केलेली असते. तिन्ही गोष्टी काळजीपोटीच केलेल्या असतात, पण चुकीच्या क्रमाने. हा लेख त्या क्रमासाठी आहे. घरचं जे कोणी अशा माणसाचं औषधपाणी बघतं, त्यांनी तो आधी पूर्ण वाचावा आणि मग कामाला लागावं.

## टप्पा १: आजच पळायचं का, हे आधी ठरवा

कानाच्या पुढ्यात बोट ठेवून तोंड उघडलं की जे हलतं, तो जबड्याचा सांधा. तो दुखला म्हणून रात्री धावपळ करावी लागत नाही. पण पुढची लक्षणं सांध्याच्या दुखण्यासारखी भासतात आणि ती थांबून बघण्यातली नाहीत.

जबडा अचानक आखडणं. नवीन औषध सुरू झाल्यावर, डोस वाढल्यावर किंवा इंजेक्शन दिल्यावर काही तासांत ते चार-पाच दिवसांत दातखीळ बसते, मान एका बाजूला वळते, जीभ बाहेर येते किंवा डोळे वर लागतात. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी, विशेषतः तरुण मुलांमध्ये, हे जास्त दिसतं. उलटी थांबवायला दिलेल्या मेटोक्लोप्रमाइडनेही असं होऊ शकतं. बघणाऱ्याची छाती दडपते आणि ‘बाहेरचं काहीतरी आहे’ म्हणून माणसाला देवऋषाकडे नेलं जातं. खरं तर हा स्नायूंचा आकडा, म्हणजे पेटका, असतो. प्रोमेथाझिनसारखं साधं इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा अर्ध्या तासात तो सुटतो. आवाज बसला, गिळता येईना किंवा श्वासाला घरघर लागली, तर थेट १०८.

तोंड उघडं राहून न मिटणं. मोठी जांभई दिली आणि जबडा निखळला, लाळ गळतेय, बोलता येत नाही. हनुवटीला खालून हाताचा आधार द्या आणि निघा. घरात कोणी ‘बसवून’ द्यायला आलं तर त्याला हात लावू देऊ नका.

ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि भान हरपणं. मानसोपचाराच्या औषधांची ही क्वचित होणारी, पण जिवावर बेतणारी प्रतिक्रिया असू शकते.

गालाला किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना. दातातला पू पसरतोय. अलीकडे जखम झाली असेल आणि दातखीळ बसत असेल, तर धनुर्वाताची शंकाही सांगा.

चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखणं, सोबत घाम, छातीत दडपण. हे हृदयाचं असू शकतं. या औषधांनी वजन आणि साखर वाढलेल्या माणसाबाबत तर ही शंका आधी घ्यायची.

शहरात असाल तर त्र्यंबक नाक्याचं जिल्हा रुग्णालय गाठा. पेठ-सुरगाण्याकडे असाल तर घाट ओलांडून नाशिकला यायच्या भानगडीत न पडता आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा. आकडा सोडवण्याचं काम तिथेही होऊ शकतं.

> थांबा, तपासा: यातलं एकही लक्षण नाही ना? मग घाई सोडा. पुढचं काम आठवडाभराचं आहे.

## टप्पा २: सात दिवस वही घाला

शाळकरी वही आणि प्लॅस्टिकची पट्टी पुरते.

तोंड किती उघडतं? रुग्णाला त्याचीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. सहज गेली तर ठीक. मग पट्टीने वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजा. मोठ्या माणसात ४० मिलिमीटर किंवा जास्त असलं की चिंता नाही. ३५ च्या खाली असेल तर तोंड कमी उघडतंय असं धरा. रोज एकाच वेळी मोजा, जोर लावायचा नाही.

आवाज. तोंड उघडताना कानापाशी कट्ट होतं? नुसता आवाज असेल, दुखत नसेल, अडकत नसेल, तर त्याला उपचार लागत नाही. या एका आवाजापायी लोक एमआरआयपर्यंत जातात.

दात खाणं कधी? पुढचा निर्णय बराचसा याच नोंदीवर ठरतो. झोपेत करकर दात खाण्याचा आवाज येत असेल तर ते एक दुखणं. जागेपणी तोंड सतत चघळल्यासारखं हलतं, ओठ चाटले जातात, जीभ आत-बाहेर होते आणि झोप लागली की सगळं थांबतं, तर ते वेगळं. हे दुसरं म्हणजे बहुधा औषधं महिनोन् महिने किंवा वर्षानुवर्षं घेतल्यावर सुरू होणारी हालचाल. ती करणाऱ्याला बऱ्याचदा तिचा पत्ताही नसतो. तो टीव्ही बघत असताना मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. आधी त्याला सांगून घ्या, चोरून नको.

गुटखा, मावा, सुपारी, मिश्री. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. सुपारीने गालाचं आतलं अस्तर पांढुरकं आणि चिवट होतं, आमटीच्या घासानेही तोंड भाजतं आणि तोंड महिन्यामहिन्याने कमी उघडत जातं. हा सांध्याचा आजार नाही. पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारा तो वेगळाच विकार आहे. असं दिसलं तर शेकशेगडी करत बसू नका, थेट टप्पा ४ गाठा.

सगळ्यात जास्त चुका तक्रार ऐकताना होतात. मानसिक आजार असलेली काही माणसं दुखतंय असं सांगतच नाहीत. चेहरा कोरा असतो, ‘काय होतंय?’ म्हटलं की ‘काही नाही’. म्हणून ताटाकडे बघा. भाकरी उरते का? एकाच बाजूने चावतो का? कानात कापूस घालतोय का? माझ्याकडे आलेला एक जण आईने केलेली भाकरी रोज कुत्र्याला घालायचा. घरच्यांना वाटलं, वेड वाढलं. त्याला ती चावता येत नव्हती.

काही जण सांगतात, पण आपल्या भाषेत: ‘माझ्या जबड्यात यंत्र बसवलंय, रात्री ते चालू करतात.’ यावर वाद घालू नका, आणि हो-ला-हो देखील करू नका. कारण कल्पित असेल, पण वेदना बहुधा खरी असते. ‘कुठे दुखतं, बोटाने दाखव,’ एवढंच म्हणा. रात्री दात खाणाऱ्याचा जबडा सकाळी ठणकतो. ‘रात्री चालू करतात’ याचा अर्थ मला तरी तसाच लागतो.

> इशारा: ‘मनाचं आहे’ हे वाक्य या सात दिवसांत घरात कोणीही बोलायचं नाही.

## टप्पा ३: औषधांची यादी, डब्यासकट

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कापलेल्या स्ट्रिपा घालून लोक येतात. निम्म्यांवर नाव उरलेलं नसतं. वहीच्या एका पानावर हे लिहा:

१. औषधाचं नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा.
२. कधी सुरू झालं आणि डोस शेवटचा कधी बदलला, तारखेसह.
३. महिन्याने किंवा पंधरवड्याने घेतलं जाणारं इंजेक्शन. हे शंभरातले नव्वद विसरतात, कारण ते घरात नसतं.
४. लिथियम (मनःस्थितीतले चढउतार आवरणारं औषध) आहे का? असेल तर लाल पेनने गोल करा आणि शेवटच्या रक्ततपासणीचा कागद जोडा.
५. बाकी सगळं: साखर, रक्तदाब, आयुर्वेदिक काढे, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या.
६. विडी-सिगारेट दिवसाला किती.

डोस बदलल्याची तारीख आणि जबड्याची तक्रार सुरू झाल्याची तारीख एकमेकींशेजारी लिहा. सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन यांसारखी नैराश्याची औषधं सुरू झाल्यावर काही जण दात आवळायला लागतात. तारखा शेजारी आल्या की डॉक्टरांना ते एका नजरेत दिसतं.

## टप्पा ४: आधी कोणाकडे?

आधी मानसोपचारतज्ज्ञ: तक्रार औषध बदलल्यावर लगेच सुरू झाली असेल, तोंडाची चघळल्यासारखी हालचाल दिसत असेल किंवा माणसाची मनःस्थिती सध्या बिघडलेली असेल तर. खुर्चीत वीस मिनिटं बसू शकत नसलेल्या माणसाचा जबडा मी तरी काय तपासणार?

आधी दंतवैद्य: चावताना दुखतं, कट्ट होऊन अडकतं, झोपेत दात खातो, कीड दिसते, कवळी सैल झालीय किंवा तोंड हळूहळू कमी उघडतंय, तर. पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात तोंडाचे विकार आणि तोंड-जबड्याची शस्त्रक्रिया असे वेगळे विभाग असतात. केसपेपर काढताना ‘दात दुखतो’ म्हणू नका, ‘जबड्याचा सांधा दुखतो, तोंड कमी उघडतं’ असं म्हणा. नाहीतर दात काढायच्या रांगेत बसाल.

कोणाकडेही आधी जा, पण दुसऱ्याला देण्याची चिठ्ठी मागून घ्या. दोन ओळी पुरतात. डॉक्टर गाठ पडेपर्यंत मन सैरभैर झालं, तर १४४१६ ही टेलिमानसची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते.

या टप्प्यावरची सगळ्यात महागडी चूक म्हणजे गोळी स्वतःहून बंद करणं. औषधामुळे आलेली तोंडाची हालचाल ते अचानक थांबवल्यावर कधीकधी उलट वाढते आणि मूळ आजार उसळतो तो निराळाच. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध तर ४८ तासांपेक्षा जास्त सुटलं तर पुन्हा अगदी लहान डोसपासून चढवावं लागतं. दुसरी चूक पॅसिटेनची. अचानक आलेल्या आकड्यावर ही गोळी चालते, म्हणून शेजारचं कोणीतरी ‘हिनेच आमच्याकडे थांबलं’ असं सांगतं. जुन्या, चघळल्यासारख्या हालचाली तिने वाढू शकतात. दोन्ही दुखण्यांत तोंडच हलतं, पण औषध उलटं असतं.

> थांबा, तपासा: दंतवैद्याला मानसिक आजाराबद्दल सांगायला रुग्णाची परवानगी घेतली का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो नको म्हणाला तर निदान औषधांची यादी दाखवायला राजी करा.

## टप्पा ५: खुर्चीत बसताना

इथे माझीच चूक सांगते. प्रॅक्टिस सुरू करून दोन-अडीच वर्षं झाली होती. अंबडच्या एका कंपनीत काम करणारा पस्तिशीचा माणूस डाव्या खालच्या दाढेकडे बोट दाखवत आला. दाढेत थोडी कीड होती. तो म्हणाला, काढा. त्याची बायको म्हणाली, काढाच. मी काढली. आठ दिवसांनी तो परत आला आणि बोट शेजारच्या दाढेवर. तेव्हा कुठे मी गालावर हात ठेवून त्याला दात आवळायला सांगितलं. गालातला स्नायू सुपारीएवढा घट्ट फुगला आणि दाबताच तो किंचाळला, ‘हेच, हेच दुखतं!’ स्नायूचं दुखणं दाढेत जाणवत होतं. ती दाढ वाचली असती.

म्हणून तुम्हीच आग्रह धरा: दात काढण्याआधी गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दाबून बघा, सांधा बघा, मग त्या दाताचा एक्सरे. पहिल्याच भेटीत कोणी दात झिजवून ‘चावा बसवून’ देतो म्हणाला, तर नम्रपणे नको म्हणा. झिजवलेला दात परत येत नाही.

बाकीचं थोडक्यात. सकाळी गुंगी असते, म्हणून अकरानंतरची वेळ घ्या. जेवून आणि नेहमीची गोळी घेऊन या. दंतवैद्याचे प्रश्न थेट रुग्णाला जाऊ द्या, उत्तरही त्यालाच देऊ द्या, तुम्ही मागे बसा. ‘हात वर केला की थांबायचं’ असं आधी ठरवा, कारण फार वेळ तोंड उघडं राहिलं की दुखरा सांधा अजून दुखावतो. उठताना दोन मिनिटं खुर्चीतच बसवून मग उभं करा. या औषधांनी रक्तदाब झपकन उतरतो आणि माझ्याकडे एक जण दारातच कोसळला होता.

## टप्पा ६: दुखण्याची गोळी

लिथियम चालू असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नेप्रॉक्सेन परस्पर घ्यायचं नाही. या गोळ्यांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी होतं आणि रक्तात ते साठतं. कॉम्बिफ्लाममध्येही आयब्युप्रोफेन असतं, हे अनेकांच्या गावी नसतं. हात थरथरणं वाढलं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं असं दिसलं तर लिथियमचा पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना गाठा. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये, अंगातलं पाणी कमी पडलेलं असताना, हा धोका आणखी वाढतो.

साध्या दुखण्याला पॅरासिटॅमॉल बरं. किती घ्यायचं ते यकृत, दारू आणि बाकीची औषधं बघून डॉक्टर ठरवतील. नैराश्याच्या गोळ्यांसोबत ट्रॅमाडॉल नको. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी आधीच्या गुंगीत भर पडते, म्हणून त्या विचारूनच.

> इशारा: मेडिकलवाल्याला ‘जबडा दुखतोय, काहीतरी द्या’ म्हणू नका. यादीचं पान पुढे करा.

## टप्पा ७: सहा आठवडे घरचा क्रम

बहुतेकांचं दुखणं शस्त्रक्रियेशिवाय उतरतं. पण चार दिवस करून सोडलं तर नाही.

जबड्याला विसावा. ‘ओठ मिटलेले, दात सुटे.’ हे चार शब्द आरशावर चिकटवा. जेवताना आणि गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात टेकायचं कारण नाही. दिवसभर ‘दात सोड, दात सोड’ म्हणत मागे लागू नका. ते बोलणं त्याला टोचतं आणि टोचलं की तो अजून आवळतो.

जेवण. खिचडी, वरणभात, सांजा, नाचणीची आंबील, मऊ शिजवलेली भाजी. भाकरी हवीच असेल तर गरम आमटीत कुस्करून, मुरू देऊन. ऊस, कणीस, पेरू, शेंगदाणे, चिवडा सध्या बंद. मिसळ खायची तर फरसाण रश्श्यात पुरतं भिजल्यावर. मऊ म्हणजे गोड नव्हे, एवढं मात्र सांभाळा. तोंड कोरडं पाडणारी औषधं आणि त्यावर बिस्किटं-चहा हा दातांचा सत्यानाश आहे.

शेक. कोमट ओला कपडा १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर तपासून. गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपू देऊ नका. गोळीच्या झोपेत चटका कळत नाही.

व्यायाम. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकवायचं आणि ते न सुटता जेवढं उघडेल तेवढंच तोंड उघडायचं. सहा वेळा, दिवसातून पाच-सहा फेऱ्या. चहा, जेवण, गोळी अशा ठरलेल्या वेळांना तो जोडला तर लक्षात राहतो. जांभई येईल तेव्हा हनुवटीखाली मूठ.

तंबाखू. गुटखा-सुपारी बंद करायला हवी, यात तडजोड नाही. विडी-सिगारेटही सुटलेली बरी, पण क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असेल तर सोडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना सांगा. धूम्रपान थांबलं की या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस कमी करावा लागू शकतो.

## टप्पा ८: रात्रीची प्लेट, सगळ्यांना नाही

झोपेत दात खाणाऱ्याला नाइट गार्ड उपयोगी पडतो. पण तो सगळ्या दातांवर बसणारा, कडक आणि मापाने बनवलेला हवा. फक्त पुढच्या दोन-चार दातांवर बसणारा लहान तुकडा गुंगीत गिळला जाऊ शकतो. गरम पाण्यात मऊ करून चावायची ऑनलाइन स्वस्त प्लेट काहींना चघळायलाच सापडते. मनःस्थिती बिघडलेली असेल, तोंडाची हालचाल जोरात असेल किंवा ‘तोंडात काही घातलंय’ ही भीती असेल, तर प्लेट पुढे ढकला. बसवली तर सकाळी गार पाण्याने आणि ब्रशने धुवा, डबीत ठेवा. उकळत्या पाण्यात टाकून वेडीवाकडी झालेली प्लेट मी दरवर्षी एक-दोनदा बघते.

## टप्पा ९: सहा आठवड्यांनी

वही उघडून तीन गोष्टी ताडून बघा: तोंडाचं माप, ताटात उरणारं अन्न, रात्रीचा आवाज. माप वाढलं आणि भाकरी संपायला लागली, तर तेच चालू ठेवा. काहीच हललं नसेल तर दंत महाविद्यालयात परत जा. सांध्याच्या आतल्या चकतीची तपासणी, एमआरआय, आता विचारण्याची वेळ आहे. माप घटलं असेल तर सहा आठवडेही थांबायचं नव्हतं. त्याच दिवशी दाखवा.

वही नंतर रद्दीत घालू नका, औषधांच्या डब्यातच ठेवा. पुढे केव्हाही डोस बदलला किंवा नवीन इंजेक्शन सुरू झालं, की त्याच संध्याकाळी तीन बोटं आणि पट्टी काढून नवं पहिलं माप लिहा.